जमादार आणि तीन तलंगा

राजूरच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला चतुराबाईचं घर. त्या घराच्या अंगणात सात वर्षं एकाच कोंबड्याचं राज्य होतं. अंगानं तांबडा, गळ्याला पिवळा, एक नखी मोडलेली. निजामाच्या चौकीवरचा जमादार गावातून जसा पाय आपटत जायचा, तसाच हा चालायचा. म्हणून त्याचं नावच जमादार पडलं.

पौषात रानमांजरानं त्याच अंगणातली कोंबडी नेली आणि दहा दिवसांची सहा पिल्लं उघडी पडली. चतुराबाईनं ती गोजरबाईला बटईनं दिली. निम्मी मालकिणीची, निम्मी वाढवणारीची. पण कोंबड्यांच्या बटईला त्या गावात एक शेपूट होतं. मालकिणीच्या वाट्याच्या कोंबड्या तिच्या अंगणात तीन दिवस नांदल्या पाहिजेत. तोवर वाढवणारीनं जवळ राहायचं, आणि एखादी मेली किंवा पळाली, तर आपल्या वाट्यातली द्यायची.

गोजरबाई धनगराची. नवरा गेल्यापासून दीर मच्छिंद्राच्या मेंढवाड्यावर राहत होती. मेंढरं दिराची, लोकर दिराची, कुत्रंसुद्धा दिराचं. माझं म्हणावं असं तिला पहिल्यांदा काही मिळणार होतं, ते त्या पिल्लांतलं. थंडीत तिनं त्यांना पदराखाली घेतलं, पुढं पिल्लं मेंढ्यांच्या पाठीवर चढून झोपायला लागली. सकाळ-सांज ‘तीऽ तीऽ तीऽ’ अशी हाक घालून ती कण्या टाकायची. वैशाखापर्यंत सहाच्या सहा तलंगा झाल्या. अंड्यावर यायला अजून दोन महिने होते.

त्यातल्या तिघी डाल्यात घालून, डालं डोक्यावर घेऊन ती चतुराबाईच्या दारात आली.

पहिल्या दिवशी तिनं डालं अंगणातच पालथं ठेवलं. विणीतून त्यांना जमादार दिसावा, जमादाराला त्या दिसाव्यात. भोवती ज्वारी टाकली, म्हणजे खाताना तो जवळ येईल. तो आला, ज्वारी खाल्ली आणि डाल्यावर चढून आरवला.

दुसऱ्या दिवशी तिनं डालं उचललं. घटकाभरात जमादारानं तिघींतल्या ठिपकीला भिंतीशी गाठून तिचा तुरा फोडला. गोजरबाईनं ‘तीऽ तीऽ’ करून तिघींना जवळ ओढलं, ठिपकीच्या तुऱ्याला हळद लावली. चतुराबाई उंबऱ्यात बसून डाळ निवडत होती. ती म्हणाली, चौकीत नवं माणूस आलं की जमादार आधी नाव-गाव पुसतो, तुझ्या पोरींना ते सांगता येईना. गोजरबाई हसली नाही. दुपारपर्यंत असं आणखी तीनदा झालं.

मग तिनं नीट बघितलं. जमादार उकिरडा उकरत होता. त्याला किडा सापडला. तो खाली ठेवून त्यानं ‘कुट् कुट् कुट्’ केलं. जुन्या कोंबड्या धावल्या. तलंगा जागच्या हालल्या नाहीत, मान वळवून गोजरबाईकडं बघत राहिल्या. त्यानं पुन्हा बोलावलं. त्या तशाच. तेव्हा तो त्यांच्यावर धावून गेला.

नव्या आहेत म्हणून तो मारत नव्हता. तो बोलवत होता आणि त्या येत नव्हत्या. कशा येतील? आई कळायच्या आत गेली, मेंढवाड्यावर कोंबडा नव्हता. जन्मात त्यांनी हाक ऐकली ती एकच, आणि सकाळपासून दर संकटाला तीच हाक त्यांना जमादारापासून दूर नेत होती.

सांजेला ती चतुराबाईला म्हणाली, “बाई, उद्या मी गोठ्यामागं बसते. दाणा टाकू नका.”

“आन् एखादी मारून टाकली तर?”

“माझ्यातली आणून दीन.”

तिसरा दिवस तिनं गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून काढला. भिंतीपलीकडचं दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. सकाळी फडफड झाली, एक किंकाळी आली. हाक गळ्यापर्यंत आली, तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. ऊन चढलं. ‘कुट् कुट्’ ऐकू आलं, पाठोपाठ फडफड. पुन्हा ‘कुट् कुट्’. त्यानंतर फडफड झाली नाही. अंगण इतका वेळ गप्प राहिलं, की मेल्या असतील असंही तिला वाटून गेलं.

ऊन कलल्यावर चतुराबाईनंच तिला बोलावलं. उकिरड्यावर जमादार उकरत होता, त्याच्या दोन्ही अंगाला तिघी चोच मारत होत्या. ठिपकीचा एक पंख लोंबत होता, पण ती खात होती.

गोजरबाई डालं उचलायला वाकली, तशी चतुराबाई म्हणाली, “थांब गोजरे. एकदा हाक मार. तुझ्याकडं आल्या तर मंग नांदल्या कशाच्या?”

असं बटईत कुठं ठरलं नव्हतं. गोजरबाईनं वाद घातला नाही. दबक्या आवाजात हाक मारून भागलं असतं. पण चतुराबाईनं ती हाक दोन दिवस ऐकली होती.

तिनं रोजच्यासारखीच घातली, अख्ख्या गळ्यानं. “तीऽ तीऽ तीऽ.”

तिन्ही माना वर झाल्या. ठिपकी दोन पावलं पुढं आली, एक पाय उचलून थबकली. जमादारानं मागून कुटकुट केलं, घाई न करता. ठिपकीनं पाय खाली टेकवला आणि वळली.

“बराबर,” चतुराबाई म्हणाली. “वाड्यावरच्या तिघी तुझ्या. बिलकुल तुझ्या.”

गोजरबाईनं रिकामं डालं डोक्यावर घेतलं. ओढ्यापर्यंत ती सावकाश चालली. पलीकडं चढल्यावर पावलं जल्दी पडायला लागली. तिघींना कण्या टाकायची वेळ टळून चालली होती.