मुठीखालची दोन अक्षरं

आमच्या मिसुरीतल्या कारखान्यात पिस्तुलं बनत नाहीत, जुळतात. नमुना शंभर वर्षांपूर्वीचा. सुटे भाग परराज्यातून खोक्यांत येतात आणि व्हर्लन टॅकेट ते कानशीने घासून एकमेकांत बसवतो. एकतीस वर्षं झाली. पिस्तूल ज्याने जुळवलं त्याने लाकडी मुठीखाली आपली दोन अक्षरं ठोकायची, हा आमच्यातला रिवाज. ती अक्षरं एरवी दिसत नाहीत. म्हणूनच बहुधा त्यांना एवढा मान. मी जाहिराती लिहितो, त्यामुळे मानाचे दर मला ठाऊक आहेत.

मग नवे भाग यायला लागले, यंत्राने इतके नेमके कापलेले की घासायला काही उरेना. व्हर्लन मात्र जुनेच भाग घासत राहिला, आणि गिऱ्हाइकं त्याच्या अक्षरांसाठी दोन-दोन वर्षं थांबायची. तेव्हा आमचा तरुण मालक ब्राइस त्या बिनघासल्या पिस्तुलांवरही व्हर्लनचीच अक्षरं ठोकून घेऊ लागला.

व्हर्लनला कळलं, तसा तो हातातलं सँडविच टाकून ऑफिसात शिरला.

"पोरा, उद्या माझ्या थडग्यावर यंत्राचं नाव घालशील!"

"अहो, चिडताय कशाला? फरक कुणाला कळतो?"

"मला कळतो."

"मग सहा ठेवतो. तीन तुमची, तीन तशीच जोडलेली. डोळे बांधून ओळखा. ओळखलीत, तर दुसऱ्या एकाही पिस्तुलावर तुमची अक्षरं दिसणार नाहीत. शब्द माझा."

दुपारी सगळे जमले. तेलकट फडक्याने मीच त्याचे डोळे बांधले. एकेक रिकामं पिस्तूल त्याने कानाशी नेऊन हलवलं आणि आपली म्हणून तीन बाजूला काढली. ब्राइसने यादीतले क्रमांक ताडून पाहिले. तिन्ही बरोबर! टाळ्यांनी छप्पर दणाणलं. पॅकिंगमधल्या लोरेटाला तर रडूच फुटलं.

"कसं काय ओळखलंत हो?" ब्राइसने मनापासून विचारलं.

व्हर्लनने फडकं सोडलं, नीट घडी घातली.

"खुळखुळतात," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, हात थरथरतात माझे."

टाळ्या कुठे थांबवाव्यात, हे कुणालाच कळेना.

ब्राइस शब्दाचा पक्का. नव्या पिस्तुलांवरची अक्षरं त्याच दिवशी बंद झाली. ती तीन तपासणीत नापास ठरून कपाटात गेली. आठवड्याने व्हर्लन त्यांतलं एक विकत मागायला आला.

"तेवढं मागू नका," ब्राइस हळहळला. "असला माल बाहेर गेला, तर तुमचंच नाव खराब होईल हो."