यंत्रावरची हिरवी पिशवी

पेइशानच्या पीएचडीची सगळी मदार एका काळ्या पट्ट्यावर होती. माणसाच्या पेशीत आरएनएला चिकटून राहणारं एक प्रथिन असतं. ते ओळखणारी अँटिबॉडी आमच्या फांग सरांनी फार पूर्वी एका सशाच्या रक्तातून मिळवली. प्रथिन असेल तिथे ती फोटोत पट्टा उमटवते. ताइनानमधली आमची अख्खी प्रयोगशाळा त्या पट्ट्याच्या जिवावर जेवते, मीसुद्धा.

परीक्षकांनी पेइशानला एकच गोष्ट दाखवायला सांगितली: ज्या पेशींतून हे प्रथिन काढून टाकलंय, तिथे पट्टा दिसता कामा नये. नाहीतर पदवी विसरा. पोरीने प्रयोग केला. पट्टा आला, चांगला ठसठशीत.

प्रथिनच नाही तर अँटिबॉडी पकडतेय कुणाला, हा प्रश्न कुणाही शहाण्याला पडला असता. आम्ही फोटोच्या यंत्राच्या डोक्यावर पाहिलं. यंत्राने नीट वागावं म्हणून आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिथे खोबऱ्याच्या चवीच्या कुरकुऱ्यांची हिरवी पिशवी ठेवलेली असते. तिची मुदत उलटून गेली होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मीच नवी आणली, हिरवीच. पिवळी ठेवली की यंत्र संपावर जातं.

पट्टा पुन्हा आला. पेशी बदलल्या, रसायनं बदलली, पट्टा हटेना. पेइशानचं जेवणखाण सुटलं. सर रोज यायचे, पिशवीवरची तारीख वाचायचे आणि जायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

शेवटी ती त्यांना आडवी गेली. "सर, यंत्र बरोबर आहे. तुमची अँटिबॉडी भलत्यालाच ओळखतेय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

सर यंत्रापाशी गेले. मग त्यांनी यंत्रावरची पिशवी उचलली आणि फोडली. कामावरची पिशवी आमच्याकडे कुणी खात नाही. माझ्या तोंडून नुसतं "अहो सर" निघालं.

"यंत्र शहाण्यासारखंच वागतंय, त्याला कशाला लाच?" त्यांनी पिशवी तिच्यापुढे धरली. "खा. प्रबंधात हेच लिही. परीक्षकांशी मी बोलतो, आणि या अँटिबॉडीवरचा माझा शोधनिबंध मागे घेतो."

पेइशान रडत रडत कुरकुरे खात होती. सरांनीही एक तोंडात टाकला आणि ते माझ्याकडे वळले.

"नवी आण. उद्यापासून ती अँटिबॉडी कुणाला ओळखते ते शोधायचंय. आणि हिरवीच आण."