सुंदरेशचा सन्मान

बक्षीस हवंहवंसं वाटणारे लोक मी पुष्कळ पाहिले, पण बक्षिसांचं दुकान मांडून बसलेला माणूस बघायचा तर तो टायवालाच बघावा. पंच्याण्णव साली तो मुंबईहून थेट कुंभकोणमला आला आणि भर उन्हाळ्यात, गळ्याला टाय आवळून, हनुमंतरावांच्या दारात उभा राहिला.

हनुमंतराव बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी इतक्या जणांना कर्ज नाकारलं होतं, की गावाचा त्यांच्यावर भारी विश्वास. टायवाला गुंतवणुकीवरच्या कुठल्याशा मासिकाचा माणूस. घरातलं बोलणं कानावर पडलं तसा तो हरखलाच. "अरे वा, तुम्ही इकडे मराठी बोलता?"

"तीनशे वर्षं बोलत आहों," आतून त्यांची बायको सुब्बलक्ष्मी म्हणाली. "तुम्हीच उशीर केलात यायला."

टायवाल्याने कामाला हात घातला. हल्ली एजंट म्हणायचं नाही, वेल्थ मॅनेजर म्हणायचं. लोकांची संपत्ती सांभाळणारे हे थोर पुरुष. त्यांना त्याचं मासिक पुरस्कार देतं. हनुमंतरावांनी परीक्षक मंडळाचं अध्यक्ष व्हावं. "आणि अर्थात, आम्ही तुमचाही यथोचित सन्मान करू."

हनुमंतराव ताडकन उठले. "मी सन्मान घेणारा मनुष्य नव्हे! तुम्ही आलात तसे जा!"

टायवाला बावचळला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याच्या मुंबईत सन्मान म्हणजे शाल, नारळ आणि टाळ्या. इकडे तमिळमध्ये सन्मानम् म्हणजे रोकड. मरुदानल्लूरच्या भजनात गायलेल्या माणसाला विड्याच्या पानांवर ठेवून हातात देतात, तो सन्मान. तमिळच्या शेजारात राहून राहून या लोकांच्या घरच्या मराठीतही शब्दाचा तोच अर्थ होऊन बसलेला. सुब्बलक्ष्मीने हसत हसत नवऱ्याला तमिळमध्ये उलगडा केला. हनुमंतराव खजील झाले आणि खजील झालेल्या माणसाने करू नये ते करून बसले. हो म्हणाले. खरं सांगायचं तर अध्यक्ष हा शब्दही त्यांच्या जिभेला गोड लागला होता. त्या घोटाळ्यात एवढं मात्र झालं, की टायवाल्याला शब्दाचा दुसरा अर्थ कळलाच नाही. हे लोक फार विनयशील, एवढंच तो समजला.

पुरस्कारावर डोळा ठेवून कोण बसलं होतं? सुंदरेश! त्यांच्यातलाच मुलगा, बोलायला लोण्यासारखा, कचेरीला थंड हवेचं यंत्र, आणि लोकांच्या ठेवी गोळा करून कुठे लावायचा ते त्याचं त्याला ठाऊक. हनुमंतरावांची धाकटी बहीण तुळसी नुकतीच शाळेतून निवृत्त झाली होती. यजमान नाहीत, मूल नाही. आयुष्यभर फळ्यापुढे उभं राहून मिळालेला फंड तेवढा म्हातारपणाला. त्या फंडाभोवती सुंदरेश महिनाभर घिरट्या घालत होता. तुळसी त्याला एकच म्हणाली, "आमचा अण्णा अध्यक्ष आहे. त्याने तुला पुरस्कार दिला, की मी डोळे मिटून चेक देत्यें."

आता परीक्षण कसं झालं ते ऐका. हॉटेलात, केळीच्या पानावर, रसम आणि मोर, म्हणजे ताक, यांच्या मधल्या वेळात. दुसरे परीक्षक कोण? एक वैद्यनाथ, सुंदरेशचे हिशेब तपासणारा. दुसरा शेषाद्री, सुंदरेशच्या जाहिराती छापणारा. सुंदरेशचं नाव सुचवलं होतं एका 'समाधानी ग्राहकाने', आणि तो ग्राहक म्हणजे त्याचा सासरा. बरं, एकट्याला पहिला नंबर कसा द्यायचा? म्हणून 'कावेरी खोरे विभागा'त आणखी एक स्पर्धक घातला होता, रघुनाथ. रघुनाथचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि आपण स्पर्धेत आहोत हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

गुण कशाला द्यायचे? कचेरीची सजावट, परदेश दौरे, जाहिराती, व्यक्तिमत्त्व. हनुमंतरावांनी कागद उलटून पाहिला. "ठेवीदारांचे पैसे परत मिळाले का, हा रकाना कुठे आहे?"

"सर, तो फार नकारात्मक विचार झाला," टायवाला पायसम ओरपत म्हणाला.

हनुमंतरावांनी पेन खाली ठेवलं. "मी सही करणार नाही."

"नका करू. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या आहेत. आम्हाला सही नको सर, नाव पुरे."

घरी येताना पितळेच्या दुकानात दर्शनी फळीवर एक उंच समई दिसली. तिच्यावर कोरलं होतं: सर्वोत्तम वेल्थ मॅनेजर, सुंदरेश. दुकानदार कौतुकाने म्हणाला, गेल्या महिन्यातच कोरून ठेवली आहे. पानावर भात पडायच्या आधीच निकाल लागला होता की! हनुमंतरावांना स्वतःचीच किळस आली. आयुष्यभर जपलेलं नाव या भामट्यांनी पाटीसारखं उचलून आपल्या दुकानावर लावलं होतं.

तसेच ते तुळसीकडे गेले. "त्या मुलाला एक पैसा देऊ नकोस."

"कसाला?" तुळसी तडकली. "अण्णा, जन्मभर तू सगळ्यांना नाहीच म्हणत आलास. आपल्यातलं पोर वर आलं तर तुझ्या पोटात का दुखतं? पत्रिकेवर तुझंच नाव आहे. मी समारंभात सगळ्यांसमोर चेक देणार, सुंदरेशला शब्द दिलाय."

हनुमंतराव आल्या पावली घरी परतले. पत्रिकेपुढे त्यांचं काय चालणार?

समारंभ मोठा थाटाचा. ज्याने ज्याने समारंभातलं जेवणाचं टेबल पैसे भरून घेतलं, त्याला त्याला एकेक विभाग आणि एकेक पुरस्कार. सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते, जणू कुणी काही जिंकलंच होतं! तिरुभुवनमचे रेशीम विणकर मागच्या खुर्च्यांवर बसले होते. सुंदरेशने त्यांनाही बोलावलं होतं, पुढची गिऱ्हाइकं म्हणून. पहिल्या रांगेत तुळसी, मांडीवर पिशवी, पिशवीत चेक.

अध्यक्षांनी सुंदरेशबद्दल चार गौरवाचे शब्द बोलावेत, असं टायवाल्याने पुकारलं. हनुमंतराव उठले आणि संथपणे तमिळमध्ये बोलू लागले.

"सुंदरेशना हा पुरस्कार मिळाला तो केवळ सन्मानम् मुळे."

सगळ्या भाषणात टायवाल्याला तेवढा एक शब्द कळला. त्याने कडकडून टाळ्या वाजवल्या. एकट्याने.

"त्यांनी मासिकाला सन्मानम् दिला. ही टेबलं सन्मानम् देऊन घेतली. ही समईसुद्धा आम्ही निकाल देण्याआधीच कोरून तयार होती."

"व्वा!" टायवाला म्हणाला. पुन्हा टाळ्या. मागे विणकरांमध्ये खसखस पिकली. सुंदरेशच्या चेहऱ्यावरचं लोणी उतरायला लागलं. त्याने टायवाल्याची बाही ओढली, पण टायवाला रंगात आलेला.

"सही मी केलेली नाही. ठेवीदारांचे पैसे परत मिळाले का, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्ही तपासलं नाही. माझं नाव वाचून कुणी यांना पैसे देणार असेल, तर त्याने देऊ नयेत. अध्यक्ष व्हायला मी हो म्हणालों, ती माझी चूक."

ते खाली बसले. टायवाला लगेच माइकवर धावला. "अध्यक्षांनी किती वेळा सन्मान हा शब्द उच्चारला! यालाच म्हणतात जाण!"

आता लोक तोंड दाबून हसायचेही थांबले, सरळ खो खो हसू लागले. सुंदरेश घाम पुसत पहिल्या रांगेशी आला, ओठांवर उसनं हसू आणून. "तुळसीअक्का, तो चेक..."

तुळसीने भावाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. मग ती उठली, पिशवी काखेत घट्ट धरली आणि घरच्या मराठीत, पण अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा मास्तरणीच्या आवाजात म्हणाली, "माझा सन्मान माझ्याजवळच राहू दे!"

"वा बाई, वा! काय हा स्वाभिमान!" टायवाला गहिवरला आणि त्याने पुन्हा टाळ्या वाजवल्या. या खेपेला मागचे विणकरही त्याच्याबरोबर वाजवत होते.