शेवट न सांगण्याचा नियम

कॅनडातल्या थंडर बे गावातल्या आमच्या वाचनमंडळात आम्ही सहाजणी. पुस्तकं कायम बायकांच्या आयुष्याची. कधी एखादी राणी, कधी लाकूडतोड्यांच्या छावणीतली स्वयंपाकीण. नियम एकच, तोही इर्यानं घातलेला: जिचं वाचून झालं नाही तिला शेवट सांगायचा नाही. जी सांगेल तिनं पुढच्या वेळी सगळ्यांसाठी वेलदोड्याचा पाव भाजून आणायचा.

या हिवाळ्यात इर्याच्या हातात पुस्तक धरायचीही ताकद राहिली नाही. मग दुपारी तिच्या खाटेशी बसून मी वाचू लागले. एका सुईणीचं चरित्र होतं. लेकीला फिनलंडमध्ये आजीकडे ठेवून ती इकडे सरोवराकाठी आली होती. मोठी झाल्यावर लेकीनं तिच्याशी बोलणं टाकलं.

इर्याची लेक सिर्का व्हँकुव्हरला असते. बापाच्या अंत्यविधीत दोघींचं बिनसलं, ते तसंच राहिलं. डॉक्टर जे म्हणाले ते मी सिर्काला फोनवर जसंच्या तसं सांगितलं होतं. "बघते," एवढंच ती म्हणाली.

"काय गं, पाण्याचा अहवाल वाचतेस का?" इर्या चिडवायची. माझी सगळी नोकरी गावाचं पाणी तपासून अहवाल लिहिण्यात झाली. "जरा जीव ओत की!"

"तुझ्या सुईणीत आहे तेवढा पुरे."

"आहेच. हट्टी बया. माझ्यासारखी."

गुरुवारी तिला श्वास पुरेना. पुस्तक बरंच उरलं होतं. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मार्लीन, ती लेक येते का गं शेवटी?"

मी पुस्तक घरी आधीच संपवलं होतं. लेक येत नाही.

"तुझं वाचून व्हायचंय अजून," मी म्हटलं. "नियम आहे."

"माझाच नियम. मोड."

"मला पाव भाजता येत नाही."

ती हसली, मग खोकत राहिली. मी पाणी पाजलं.

"आली असती तर सांगितलं असतंस तू," ती म्हणाली. "करपलेला पाव आणला असतास, पण सांगितलं असतंस."

मी पुस्तकात बघत राहिले.

"वाच," ती म्हणाली. "हळू वाच."

मी एकेक ओळ लांबवत वाचू लागले. तिचे डोळे दाराकडे लागले होते.