दोघींच्या घराचे विश्वस्तखत

मित्रांनो, मी एक जुने विश्वस्तखत आहे. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि टाचणीच्या गंजाचा डाग कपाळावर कायमचा बसला आहे.

माझा जन्म नॉर्थ कॅरोलायनातल्या एका डोंगराळ गावात, वकील हॅस्केल बर्क यांच्या कचेरीत झाला. ऑगस्टा टीग या विधवा बाईंनी आपले घर वर्लन क्राउडर आणि त्याची बायको इडेला यांना विकले. थोडे पैसे रोख मिळाले, उरलेले हप्त्यांनी यायचे होते. ते बुडू नयेत म्हणून मला लिहिले. कर्ज फिटेपर्यंत घराचा हक्क विश्वस्त म्हणून बर्कसाहेबांकडे राहणार होता. हप्ते फिटले की तो क्राउडरांना परत मिळायचा. थकले, तर साहेबांनी घराचा लिलाव करून ऑगस्टाबाईंचे पैसे चुकते करायचे.

माझ्या अंगावर त्या घराच्या हद्दी लिहिल्या होत्या. ओढ्याच्या काठाने वर, पांढऱ्या ओकच्या झाडापर्यंत, तिथून दगडी कुंपणाला धरून खाली. घर माझ्या आधाराने उभे होते, पण मी ते कधी पाहिले नव्हते. लोखंडी तिजोरीत पडल्या पडल्या मी तो ओढा मनात वाहता ठेवत असे.

काही वर्षांनी वर्लन लाकूड तोडताना ओंडक्याखाली सापडून गेला. हप्ते थांबले. मग ऑगस्टाबाई भाच्याला, क्लीटला, घेऊन कचेरीत आल्या.

"वकीलसाहेब, लिलाव लावा," क्लीट म्हणाला. "माझी आत्या काय धर्मशाळा चालवते?"

"मी तुमचाही वकील नाही आणि इडेलाचाही नाही," बर्कसाहेब म्हणाले. "मी दोघींचा विश्वस्त आहे. आधी तिचं ऐकून घेतो."

ऑगस्टाबाईंनी मला मागून घेतले आणि माझ्यावरच्या हद्दी मोठ्याने वाचल्या. वाचता वाचता आवाज बारीक झाला.

"लिलावात मला बोली लावता येईल का?" त्यांनी विचारले.

"येईल."

मला सगळे समजले. पैशासाठी नव्हे, घरासाठी त्या आल्या होत्या. क्लीटच्या दुकानामागच्या खोलीत त्यांचा जीव रमत नव्हता. मला त्यांचा राग आला नाही. आम्हा दोघांनाही एकाच घराची ओढ होती.

तेवढ्यात इडेला आली. मोजे विणायच्या गिरणीतून थेट आली होती, केसांत सुताचे तुकडे होते. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेले असले तरी, आदराने 'मिस' म्हणतात.

"मिस ऑगस्टा, काम लागलंय मला. पगार अजून हातात आला नाही. तेवढं थांबाल का?"

ऑगस्टाबाईंनी भलतेच विचारले, "स्वयंपाकघराची खिडकी अजून अडकते का गं?"

"अडकते ना! ढकलून ढकलून खांदा दुखतो."

"ढकलायची नसते, वेडे. आधी वर उचलायची."

"मग येऊन दाखवा की," इडेला म्हणाली आणि स्वतःच दचकली. मग हळूच म्हणाली, "ओढ्याकडची खोली रिकामी आहे. वर्लनचे कपडे काढते तिथले. राहायलाच या. भाडं आणि जेवण हप्त्यातून वळतं करा."

"आत्या, लोक हसतील!" क्लीट ओरडला.

"हसू देत. तुझ्या दुकानामागे हसायलासुद्धा कुणी येत नाही."

बर्कसाहेबांनी नवा करार लिहून मला टाचला. दोघी गेल्या. मी तिजोरीत परतलो. त्या दिवसाइतके अंधाराने मला कधी छळले नव्हते.

पुढे दोघी कधीमधी हिशेबाला येत आणि भांडत. मक्याच्या पावात साखर घालायची की नाही, हा वाद कचेरीत कधी मिटला नाही. मी ऐकत राहायचो. मग बर्कसाहेब वारले. नव्या वकिलाने तिजोरी तळघरात ढकलली. ओल आली, उंदीर आले, मला सगळे विसरले.

एके दिवशी इडेला एकटीच आली आणि तिने मला तळघरातून वर काढायला लावले. ऑगस्टाबाई गेल्या होत्या. उरलेले पैसे तिने वारसाच्या, क्लीटच्या, हातावर ठेवले. त्याने सही केली. मग खाली बघत विचारले, "शेवटी काय म्हणाली आत्या?"

"म्हणाली, घेवडा शिजताना मीठ आधी घालू नकोस."

क्लीट हसला आणि त्याने डोळे पुसले. माझ्यावर 'फिटले' असा शिक्का बसला. इडेलाने मला घरी आणले. ओढा मला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला, पण त्याचा आवाज घरभर होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या कागदावर सही करण्याआधी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि कोरड्या जागी जपा. हप्ता चुकला तर तोंड लपवू नका, समोरच्या माणसाकडे जा. आणि कुणी तुमच्याकडे आलेच, तर त्याला बसायला खुर्ची द्या.

इडेला आता म्हातारी झाली आहे. गिरणीतल्या पोरी तिला विचारतात, "मावशी, राहता कुठे?"

ती म्हणते, "मिस ऑगस्टाच्या घरी."

कागदोपत्री ते चूक आहे. मीच त्याचा पुरावा आहे. पण मी कपाटात गप्प राहतो.