मालक क्रमांक एक हजार एक

वाचा-उपचार करणाऱ्या ताईंचा जुना संगणक सोमवारी बंद पडला तो पडलाच. पेशंटची रेकॉर्डिंग्ज वेगळ्या हार्ड डिस्कवर होती, म्हणून त्या निर्धास्त होत्या. बुधवारी दुपारी त्यांनी ती डिस्क दवाखान्यातल्या नव्या संगणकाला जोडली, फोल्डर उघडायला गेल्या, तर पडद्यावर उमटलं: परवानगी नाही.

चार वाजता निवृत्त पोस्टमास्तर येणार होते. पक्षाघातानंतर त्यांची जीभ अडखळायची. ‘काही फरक पडत नाही, आज शेवटचं,’ असं त्यांनी बायकोकरवी कळवलं होतं. ताईंना त्यांना सहा महिन्यांपूर्वीचा त्यांचाच आवाज ऐकवायचा होता.

त्यांनी धाकट्या दिराला फोन लावला. नव्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली त्यानेच घालून दिली होती.

"सोपं आहे, वहिनी. परवानगीचा आकडा सातशे सत्त्याहत्तर देऊन टाका. सगळ्यांना सगळं उघडं."

"सगळ्यांना? हा संगणक आम्ही तिघीजणी वापरतो. पेशंटचं बोलणं चव्हाट्यावर मांडू?"

"मग जरा खटपट आहे."

"असू दे. तू सांगत जा."

त्याने फायलींची यादी काढायला लावली. मालकाच्या जागी नुसता आकडा होता: १००१.

"जुन्या संगणकावर तुमचा नंबर हा होता. इथे तुम्ही एक हजार. डिस्कवर नाव लिहिलेलं नसतं, नंबर असतो."

"म्हणजे एका आकड्यापायी मी परकी!"

मालकी बदलायची आज्ञा त्यांनी एकेक अक्षर बघून टाइप केली. ‘असा फोल्डर नाही.’ पुन्हा केली. पुन्हा तेच.

"राहू द्या, मी संध्याकाळी येतो," दीर म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत माझा पेशंट हातचा जाईल. नाव वाचते, ऐक. ‘जुने पेशंट’."

"मध्ये जागा सोडलीय? मग तो ती दोन नावं समजतो. अवतरणचिन्हांत घाला."

त्यांनी घातलं. पडद्यावर काहीच आलं नाही.

"गप्प बसलाय."

"गप्प बसला म्हणजे काम झालं!"

फोल्डर उघडला तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती.

पोस्टमास्तर बायकोबरोबर आले ते टोपी हातातच धरून, निघायच्या बेतात. ताईंनी रेकॉर्डिंग लावलं. ‘पा... पा...’ नुसता घरघरता आवाज. ‘पाणी’ हा शब्द काही पुरा झाला नाही.

"हा... मी?"

"तुम्हीच."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"पुन्हा... लावा," ते म्हणाले. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "चला. आजचे... शब्द... काढा."