अकरा-त्रेचाळीसची जोडी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्या दोन जावांचं गॅरेज पाहिलेलं नसणार. तिथे एका पत्र्याच्या शेडखाली दोघी दिवसभर राबायच्या, वर देखरेखीला सासूबाई, आणि मधोमध ती गाडी, जिच्यापायी घरात भांड्याला भांडं लागल्याशिवाय आठवडा जायचा नाही.

थोरलीचं सगळं काम गाडीच्या पोटातलं. गिअरबॉक्स, क्लच, एक्सल, जे म्हणून फिरतं आणि तेलात बुडतं ते तिच्या हातचं. धाकटी चालवायची. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच बोटीवर नोकरीला. घरी आले तरी बायकांच्या भांडणात तळ्यात ना मळ्यात करून बसायचे, त्यामुळे त्यांचा इथे काही संबंध नाही.

गाडी होती सासऱ्यांची. लांबुडकी, जुनी, मागच्या चाकांना जोर देणारी. सासरे गेल्यावर ती सासूबाईंच्या नावावर झाली आणि सुनांच्या ताब्यात आली. वर्षातून एकदा घाटाची शर्यत व्हायची. पायथ्यापासून एकेक गाडी सोडायची, माथ्यावरच्या गावात जी सगळ्यांत कमी वेळात पोचेल ती पहिली. धाकटी तीन वर्षं ओळीने दुसरी येत होती. पहिला यायचा तो एक गृहस्थ. त्याने गाडीचा सायलेन्सरच काढून ठेवला होता, म्हणून सगळे त्याला फटाका म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं.

या फटाक्याला हरवायचं म्हणून थोरलीने मागच्या एक्सलमधली मूळची जोडी काढून नऊ-एकेचाळीसची टाकली होती. म्हणजे असं, की इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, ते मागच्या चाकांमधल्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. छोट्याला नऊ दात, मोठ्याला एकेचाळीस. दांड्याने साडेचार फेऱ्या मारल्या की गाडीचं चाक एकदा फिरणार. जोर भरपूर, पण इंजिनाची नुसती धावपळ. घाटाला पाठ सीटला चिकटायची, हे खरं. हायवेला मात्र शंभरावर गेलं की इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर घोंघावत राहायचं, आणि आतल्या माणसाला पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं व्हायचं.

आता दोघी तरण्याताठ्या. त्यांना गिरणी काय आणि चक्की काय. पण सासूबाईंची थोरली बहीण नेमकी घाटाच्या माथ्यावरच्या गावात राहायची. मावशींचे गुडघे गेलेले, त्यांना बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. सासूबाईंना बस लागायची. मग उरली ही गाडी.

शर्यतीला महिना असताना धाकटी सासूबाईंना घेऊन मावशींकडे निघाली. हायवेला सासूबाई कानात कापूस घालून, डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून बसल्या. घाट लागला तसं धाकटीला भान राहिलं नाही. रस्ता मोकळा होता, हात शिवशिवत होते. तिने गाडी अशी चढवली की जणू वर माणूस घड्याळ घेऊन उभा आहे.

मावशींच्या दाराशी सासूबाई उतरल्या, बॉनेटला हात टेकून जरा वेळ उभ्या राहिल्या. मग कानातला कापूस काढून म्हणाल्या, "या वर्षीची शर्यत झाली की ही गाडी विकायची."

"आई, असं काय करता?"

"फटाक्याने विचारलंय मला. त्याला मागचा एक्सल हवाय म्हणे, बाकीची तो भंगारात घालील. मी एखादी मऊ गाडी घेते. मला माझ्या बहिणीकडे यायचंय, आणि दर महिन्याला यायचंय. आम्हा दोघींचे किती दिवस उरलेत तो हिशेब तुम्ही नका करू. तो मी करते."

गाडी जायची, आणि जायची ती कुणाकडे, तर त्या फटाक्याकडे. तिला काही बोलायचं होतं, पण सासूबाईंचं संपलं नव्हतं.

"इंजिनाचं ओरडणं एक वेळ सोसलं असतं. पण घाटात ते काय चाललेलं असतं गं? वळण संपलं की जरा कुठे पाठ टेकते, तोच मान पुढे. मग मागे. तेवढ्यात पुढचं वळण, की पुन्हा पुढे-मागे. मान आहे ती माझी. घंटेचा लोलक नव्हे."

धाकटीला आधी रागच आला. शर्यतीच्या गाडीत बसायचं आणि मान हलते म्हणायचं, म्हणजे पाण्यात उतरून पाय भिजले म्हणण्यातली गत. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये बंद गाडीत जाऊन बसली आणि डोळे मिटून मनातल्या मनात घाट चढू लागली. पाय क्लचवर, हात गिअरच्या दांड्यावर. वळणातून बाहेर, दुसरा गिअर. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्याला भिडला, तिसरा. तिसऱ्यात गाडी धड ओढायला लागते न लागते तोच पुढचं वळण, परत दुसरा.

थोरली हातातला पाना खाली ठेवून बघत होती. "काय गं, डोकं फिरलं की काय?"

"ताई, आईंची मान कधी हलते माहितेय? मी गिअर बदलते तेव्हा. आणि मी गिअर बदलते तेव्हा गाडी ओढत नसते. जितक्या वेळा त्यांची मान हलते, तितक्या वेळा आपण फटाक्याला वाट करून देतो."

"मग नको बदलूस."

"नाही बदलला तर इंजिन फुटेल. दुसऱ्या गिअरला ऐंशी गाठेपर्यंतच काटा लालला लागतो. तुझी नऊ-एकेचाळीस आखूड पडते, ताई. घाटालाच आखूड पडते."

हे बोलायला नको होतं, निदान असं नको होतं. जोडी थोरलीने निवडलेली. ती म्हणाली, "घाटाला सगळे हीच घालतात."

"सगळे म्हणजे कोण? फटाकाच ना?"

झालं. दोन दिवस शेडमध्ये पान्यांशिवाय कुणाचा आवाज नव्हता. जेवताना सुद्धा मीठ हवं असलं तर सासूबाईंच्या मार्फत मागायचं. सासूबाई मीठ सरकवायच्या आणि म्हणायच्या, "माझी मान इथेही हलतेच आहे."

तिसऱ्या दिवशी धाकटी शेडमध्ये आली तर फरशीवर सगळा खडूच खडू. थोरली गुडघ्यावर बसून घाट काढत होती. वळण न् वळण, आणि दोन वळणांच्या मधे गाडी कुठवर वेग घेते ते आकडे.

"बस इथे," ती वर न बघता म्हणाली. "सांग, कुठल्या दोन वळणांत तू नव्वदीला पोचतेस?"

धाकटीने बोट फिरवत फिरवत पूर्ण घाट चढला. "कुठेच नाही. अठ्ठ्याऐंशी, फार तर."

"मग ऐक. मामंजींच्या वेळची मूळची जोडी अकरा-एकोणचाळीस. हायवेला नुसतं रेशीम. पण अरुंद वळणातून वर निघताना ती दम टाकेल, शर्यत तिथेच संपली. ही नऊ-एकेचाळीस तुला ऐंशीला अडवते. मधली आहे अकरा-त्रेचाळीस. दांड्याच्या चार फेऱ्यांनाही जरा कमी. दुसरा गिअर नव्वदीच्या पुढे जातो. म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत दुसरा टाकायचा आणि विसरायचं. हायवेला शंभरावर इंजिन साडेतीन हजारांतच राहील." तिने खडू झटकला. "तू म्हणालीस ते बरोबर होतं. म्हणायची पद्धत गाढवासारखी होती."

"आणि वळणातून ही पण दमली तर?"

"तर तेलही गेलं, तूपही गेलं. शर्यत जाणार, खालचा गिअर टाकताना आईंची मान परत हलणार, आणि गाडी फटाक्याच्या दारात. पण इंजिन गेल्या दोन वर्षांत आपणच सुधारलंय. ओढेल. मला वाटतं ओढेल."

मला वाटतं, असं थोरली आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली असेल. धाकटीला त्याचीच जास्त भीती वाटली, आणि त्याचाच जास्त आनंदही झाला.

जोडी आणणं सोपं, बसवणं महाकठीण. दोन्ही चाकांचे दात एकमेकांना अगदी मधोमध लागले पाहिजेत. थोरली दातांवर निळा रंग लावायची, हाताने फिरवायची, ठसा कुठे उमटला ते बघायची, आणि पातळ चकत्या काढ-घाल करून पुन्हा सगळं उघडायची. केसभर जरी चुकलं तरी मागून घरघर येते आणि मग ती जन्मात जात नाही. "घरघर आली ना," ती म्हणायची, "तर आई मधेच उतरून चालायला लागतील."

बातमी फुटायला काय लागतं. फटाका एकदा दारात येऊन उभा राहिलाच. "वहिनी, आरामाची जोडी टाकताय म्हणे. शर्यतीला निघालात का सहलीला?"

थोरलीने गाडीखालून डोकंही बाहेर काढलं नाही. "घोडामैदान जवळच आहे, भाऊ."

शर्यतीच्या आदल्या दिवशी तिघी निघाल्या. फटाक्याची गाडी ट्रकवर चढून ऐटीत पुढे गेली. ती हायवेला चालवायचं त्याच्याच्यानेही झालं नसतं. सासूबाई मागे बसल्या, कापसाचे दोन बोळे मुठीत तयार ठेवून. धाकटीने गाडी हायवेला घेतली, टॉप गिअर टाकला, हळूहळू शंभर केले. थोरली मागच्या चाकांकडे कान लावून अशी बसली होती की श्वाससुद्धा अडवून धरला असावा.

अर्धा रस्ता गेला असेल नसेल, आणि मागून घरघर आली.

थोरलीचा चेहरा खर्रकन उतरला. "बाजूला घे. बेअरिंग आहे. का दातच लागतायत कोण जाणे. सगळं मुसळ केरात."

धाकटीने वेग कमी केला. घरघर तशीच. आणखी कमी केला. घरघरीला वेगाशी देणंघेणंच नव्हतं. तेव्हा तिने आरशात पाहिलं, आणि तोंडावर हात धरला. सासूबाईंची मान एका बाजूला कलली होती, मूठ उघडी पडली होती, कापूस सीटवर घरंगळला होता, आणि त्या चांगल्या खणखणीत घोरत होत्या.

दोघी जावा इतक्या हसल्या, आणि तेही आवाज न करता, की धाकटीला डोळे पुसायला गाडी खरंच बाजूला घ्यावी लागली. घाट चढतानाही सासूबाई जाग्या झाल्या नाहीत. मावशींच्या दारात त्यांना हलवून उठवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "निघायचं ना?"

पण अर्धंच झालं होतं. झोप लागली म्हणून कप मिळत नसतो.

सकाळी धाकटी पायथ्याशी रांगेत उभी राहिली. फटाका तिच्या आधी वर गेला होता, आणि त्याची वेळ कर्ण्यावरून सांगितली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. गेल्या वर्षीपेक्षाही दोन सेकंद कमी. थोरली खिडकीशी वाकली. "गिअरच्या दांड्याला हात लावायचा नाही. इंजिन कितीही ओरडू दे. माझ्यावर भरवसा ठेव."

झेंडा पडला. पहिलं वळण, दुसरा गिअर. गाडी वळणातून निघाली आणि एक क्षण जड वाटली. गेलं, धाकटीच्या मनात आलं, दमली. पण गाडी दमली नव्हती, ती फक्त दचकवत नव्हती. सलग, एका दमात, जोर येत राहिला. वेग चढला, सत्तर, पंच्याहत्तर, ऐंशी, आणि तिचा डावा हात तीन वर्षांच्या सवयीने आपोआप दांड्याकडे गेला. तिने तो अर्ध्यातून खेचून आणला आणि स्टिअरिंगवर ठेवला. इंजिन ओरडत होतं, काटा लालच्या अलीकडे थरथरत होता, आणि वळण आलं. ब्रेक, वळण, बाहेर. पुन्हा हात निघाला, पुन्हा परत. तिसऱ्या वळणानंतर मात्र हाताला कळलं. मग उरला फक्त रस्ता. तिची मान ताठ होती, आणि एकदाही हलली नाही. तिला मोठ्याने गावंसं वाटलं, आणि बेसूर का होईना, ती गायलीही.

शेवटच्या वळणावर मावशींचा सज्जा होता. तिथे दोन म्हाताऱ्या कठड्याला धरून उभ्या दिसल्या, आणि मग काहीच दिसलं नाही, सगळं मागे गेलं.

फटाक्यापेक्षा चार सेकंद कमी. थोरली कुणाच्या तरी मोटारसायकलवरून मागोमाग वर आली आणि हेल्मेटसकट धाकटीला मिठी मारली. "गाढवासारखं बोलतेस," ती रडत म्हणाली, "पण चालवतेस बरी."

फटाका हात पुढे करून आला. माणूस मनाचा मोठा, हे कबूल करायला हवं. धाकटीचं अभिनंदन करून तो सासूबाईंकडे वळला. "काकू, मग गाडीचं काय ठरलं? आता तर मी जास्तही देईन."

"गाडी विकायची नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुमची विकायची असली तर सांगा. सुनांना विचारते, पण मला नाही वाटत घेतील. फार आवाज आहे तिचा."

लोक हसले, आणि फटाकाही हसला.

परतीला मागच्या सीटवर दोघी बहिणी होत्या. चार वर्षांत मावशी पहिल्यांदा घाट उतरत होत्या, गुडघ्याखाली उशी घेऊन, मांडीवर कप घेऊन. आपण चार दिवस राहायला येतोय, का आठ, ते त्यांनी ठरवलंच नव्हतं. हायवे लागला. थोडा वेळ त्या बाहेर बघत राहिल्या.

"अगं," त्या बहिणीला म्हणाल्या, "हीच का ती गाडी, जिच्यात तुला बसवत नव्हतं?"

मागून पुन्हा घरघर सुरू झाली होती. या वेळी थोरलीने मान वळवूनही पाहिलं नाही.